तापलेला बर्फ आणि वाकडं चुंबकत्व

युरेनस, म्हणजे आपल्याकडे पत्रिकेत दिसणारा हर्षल, आणि नेपच्यून यांना शास्त्रज्ञ ‘बर्फाळ महाकाय ग्रह’ म्हणतात. नाव जरा फसवंच आहे. इथे ‘बर्फ’ म्हणजे पाणी, अमोनिया आणि मिथेन, मग ते गोठलेले असोत वा नसोत. या ग्रहांच्या पोटात तर हजारो अंशांची धग आहे.

पण तेवढ्या धगीतही पाणी घन राहू शकतं. कसं ते पाहू.

ग्लासातला बर्फ तरंगतो, कारण त्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि मध्ये बरीच मोकळी जागा उरते. दाब वाढवला की ही जागा संपते, रेणू दाटीवाटीने नव्या रचनेत बसतात. हवेच्या दाबाच्या सुमारे २२,००० पटीवर तर खोलीच्या तापमानालाच पाण्याचा बर्फ होतो! त्याला ‘बर्फ-७’ म्हणतात.

दाब दहा लाख पटींच्या पुढे आणि तापमान २,००० अंशांच्या वर गेलं, की रेणूच फुटतो. ऑक्सिजनचे अणू जाळीत जागच्या जागी राहतात आणि हायड्रोजनची केंद्रकं त्यांच्यामधून वाहू लागतात. रेल्वेच्या फलाटावर खांब उभे असतात आणि गर्दी त्यांच्यामधून सरकत असते ना, तसंच. ही केंद्रकं विद्युतभारित असल्याने हा बर्फ वीजही वाहून नेतो. हा ‘सुपरआयनिक’ बर्फ. १९८८ मध्ये संगणकावर त्याचं भाकीत झालं. पुढे अमेरिकेत रोचेस्टरच्या ओमेगा लेझरने पाण्याचा पातळ थर चिरडून, क्ष-किरणांनी ऑक्सिजनची जाळी टिपली गेली. २०१९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळा खेळ सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा!

आता हे कशासाठी? जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ युरेनसजवळून गेलं, तेव्हा त्याचा चुंबकीय अक्ष परिभ्रमण नव्हे, स्वतःभोवती फिरण्याच्या अक्षाशी ५९ अंशांनी कललेला आढळला, शिवाय केंद्रापासून बराच सरकलेला. पृथ्वीवर हा कल जेमतेम १० अंशांचा. नेपच्यूनचं चुंबकत्वही असंच वाकडं निघालं.

चुंबकक्षेत्र टिकायला वीजवाहक द्रव घुसळत राहावा लागतो. खोल भागात सुपरआयनिक बर्फ असेल, तर तिथे हे घुसळणं सहज होणार नाही. ते वरच्या पातळ थरापुरतंच उरेल, आणि पातळ थरातून असं वेडंवाकडं क्षेत्र तयार होऊ शकतं, असं संगणकीय प्रारूपं दाखवतात.

मला हे स्पष्टीकरण पटतं, पण एक अडचण आहे. लेझरखाली होतं शुद्ध पाणी; ग्रहात आहे मिश्रण. आणि १९८९ नंतर या दोन्ही ग्रहांजवळ एकही यान गेलेलं नाही.