पांढऱ्या बगळ्यांची ओळख

पक्षी ओळखू पाहणाऱ्याची नजर आधी रंगावर जाते. परंतु गायबगळा, छोटा बगळा, मध्यम बगळा आणि मोठा बगळा या महाराष्ट्रात सर्रास आढळणाऱ्या चार जाती वर्षातील बराच काळ पांढऱ्याशुभ्रच असल्याने तेथे रंगाची मात्रा चालत नाही. उजनीच्या किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या उथळ पाण्यात त्या एकत्र उभ्या असल्या, तर चोच, पाय, डोळ्यापुढची पिसे नसलेली त्वचा आणि शरीराची ठेवण यांवरूनच त्यांची निवड करावी लागते.

यांत छोटा बगळा सर्वांत सोपा, कारण त्याची चोच बारा महिने काळी असते आणि काळ्या पायांना पिवळी पावले असतात. ती चिखलात बुडलेली असली, तरी तो उडाला की स्पष्ट दिसतात. गायबगळा ठेंगणा, आखूड पिवळ्या चोचीचा. विणीच्या हंगामात त्याचे डोके, मान आणि पाठ नारिंगी-बदामी होते, त्यामुळे त्या दिवसांत चुकायला जागाच उरत नाही.

खरा घोळ मध्यम आणि मोठ्या बगळ्यात होतो. एकटा पक्षी समोर असताना आकाराचा अंदाज फसतो, आणि चोचीच्या रंगावरही विसंबता येत नाही, कारण एरवी पिवळी असणारी चोच विणीच्या काळात दोघांचीही काळी पडते. अशा वेळी जबड्याची रेघ, म्हणजे चोचीच्या फटीपासून गालावर मागे गेलेली बारीक काळसर रेषा, पाहावी: मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच संपते, तर मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते. ही खूण दुर्बिणीशिवाय क्वचितच दिसते, म्हणून दुरून पाहताना मोठ्या बगळ्याच्या लांब मानेतील ठळक बाकावर भिस्त ठेवणे बरे.

या चौघांत ढोकरीची भर पडते. बसलेली असताना ती मातकट रंगामुळे बांधाशी एकरूप होते आणि उडताच तिचे पांढरे पंख उघडतात, त्यामुळे नवखा निरीक्षक तिलाही पांढऱ्या बगळ्यांत मोजतो. कोकण किनाऱ्यावर तर समुद्र बगळा राखी-काळा आणि पांढरा अशा दोन रूपांत आढळतो. एकाच जातीतील अशा भिन्न रंगाच्या प्रकारांना रूपभेद म्हणतात. त्यातील पांढरे रूप छोट्या बगळ्यासारखे दिसते, मात्र त्याची चोच अधिक जाड आणि बहुधा पिवळसर-तपकिरी असते.