बासीची आंबट चव आणि आतड्याची सूज

दुर्गहून राजनांदगावकडे निघालं की रसमडा लागतं. भोवती लोखंड-पोलादाचे कारखाने. सकाळच्या पाळीला निघणाऱ्या कितीतरी कामगारांच्या पोटात उन्हाळाभर जाते ती बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजलेला भात. २०२२ साली १ मेच्या कामगार दिनी तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्या छत्तीसगडला बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं होतं. त्याच्या कितीतरी आधीपासून ती इथल्या घराघरांत आहे.

इथल्या एका मराठी घरात ती होताना पाहिली. रात्रीची जेवणं आटोपल्यावर वहिनींनी उरलेला भात निवत ठेवला, बोटांनी गुठळ्या मोडल्या आणि भात बुडून वर चार बोटं राहील इतकं स्वच्छ पाणी ओतलं. ‘उन्हाळ्यात उशिरा भिजवायचा, नाहीतर फार आंबतो,’ त्या म्हणाल्या. सकाळी झाकण काढलं तेव्हा पाणी दुधट झालं होतं, कडेला बारीक बुडबुडे होते आणि वास ताकासारखा होता. शितं फुगली होती, तरी आकार धरून होती. वहिनींनी मीठ घातलं, दोन पळ्या ताक ओतलं, सोबत कांदा आणि हिरवी मिरची दिली.

ही आंबट चव लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची. अशा जिवाणूंचे काही ठरावीक वाण आतड्याची सूज कमी करू शकतात, असं संशोधनात दिसलं आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. हे सांधे सैल झाले की नको ते आत शिरतं आणि प्रतिकारशक्ती खवळते. काही वाण हे सांधे घट्ट करतात, उपद्रवी जिवाणूंना जागा देत नाहीत आणि प्रतिकारपेशींना आवर घालणारे संदेश वाढवतात. निवलेल्या भातातला काही स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट बनवतात, आणि अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे.

पण बासी म्हणजे औषध नव्हे. औषध म्हणून वापरलेल्या जिवाणूचं एक उदाहरण पाहा. जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसले यांनी १९१७ साली एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या जिवाणूचा एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारावरच्या चाचण्यांत, आजार पुन्हा उसळू न देण्यात तो मेसालाझिन या नेहमीच्या औषधाच्या जवळपास उतरला. ते यश त्याच वाणाचं आणि मोजून दिलेल्या मात्रेचं होतं. बासीच्या भांड्यातल्या जिवाणूंचा वाण ठरलेला नसतो, मात्राही नसते. क्रोन्ससारख्या आतड्याच्या दुसऱ्या सुजेच्या आजारात तर प्रोबायोटिक्सचा, म्हणजे अशा उपयोगी जिवाणूंचा, ठोस फायदा अजून सिद्ध झालेला नाही.

म्हणून शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. सुरू असलेल्या गोळ्या बासीच्या भरवशावर बंद करू नयेत. भात उघड्यावर तासन्‌तास ठेवू नये; बुळबुळीत झाला किंवा वास बिघडला तर फेकून द्यावा. एवढं सांभाळलं तर धडधाकट पोटाच्या माणसानं बासी खुशाल खावी. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याला त्यातून पाणी, मीठ आणि पोटभर अन्न मिळतं. बासीची थोरवी सांगायला एवढं पुरेसं आहे. तिच्यावर औषधाचं ओझं कशाला लादायचं?