पर्यावरण अहवालात आपला मोहल्ला कुठे आहे?

महानगरपालिकांना दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67-अ मध्येच तसं लिहिलंय. अनेक नगरपरिषदाही असा ‘पर्यावरण सद्यस्थिती अहवाल’ तयार करून घेतात. शिवाय 2 ऑक्टोबर 2020 ला राज्य सरकारने ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर गावांना गुण मिळतात. म्हणजे आपल्या मलकापूरसारख्या छोट्या नगरपरिषदेचीही झाडं, पाणी, कचरा, वीज आकड्यांत मोजली जाते.

या आकड्यांना निर्देशांक म्हणतात. काही निर्देशांक समजायला अगदी सोपे आहेत. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं, हा केंद्र सरकारने ठरवलेला मापदंड. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं प्रमाण, लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. शहरी भागातल्या झाडांची गणना 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार दर पाच वर्षांनी व्हायला हवी.

पण आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सरासरी शिकवताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो, की वर्गाचा निकाल 90 टक्के लागला तरी नापास झालेलं पोर नापासच असतं. समजा, गावात दहा मोहल्ले आहेत. नऊ ठिकाणी घंटागाडी रोज जाते, एका ठिकाणी जातच नाही. अहवालात ‘90 टक्के कचरा संकलन’ असं छापून येईल आणि गावाची वाहवा होईल. त्या दहाव्या मोहल्ल्यातला ढीग मात्र तसाच राहील, आणि वर ‘ही वस्तीच घाणेरडी’ हा टोमणाही त्याच लोकांना ऐकावा लागेल. म्हणून माहिती प्रभागनिहाय मागायला हवी.

नदीचंही तसंच आहे. शाळीच्या पाण्याचा नमुना गावाच्या वरच्या अंगाला घेतला की सांडपाणी मिसळल्यावर खालच्या अंगाला, यावर आकडा बदलतो. हेच पाणी पुढे कडवी-वारणेच्या काठच्या गावांना जातं. तेव्हा नमुना कुठे, कोणत्या महिन्यात घेतला, हे विचारलंच पाहिजे.

मोजून वापरणं आपल्या दीनला नवीन नाही. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये येतं. आपल्या मशिदीच्या नळावर एका वुजूला किती पाणी जातं, हे एकदा बादली लावून पाहा. नगरपरिषदेला हिशोब विचारताना आपला हिशोबही तयार असावा.

मग करायचं काय? अहवाल नगरपरिषदेकडे मागावा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. जुम्याच्या नमाजनंतर चार शिकलेल्या पोरांनी बसून एक वही करावी: घंटागाडी आठवड्यात किती दिवस आली, नळाला पाणी किती वेळ होतं, गटार कधी साफ झालं, लावलेल्या रोपांतली किती जगली. तीन महिन्यांची वही अहवालाशेजारी ठेवली की फरक आपोआप दिसतो.

बकरी ईदचंही आधीच ठरवावं. कुर्बानीच्या तीन दिवसांत वेगळी गाडी मिळावी, अवशेष पुरायची जागा ठरावी आणि उचललेल्या कचऱ्याची नोंद व्हावी, असं लेखी पत्र महिनाभर आधी द्यावं. त्या पत्राची पोच जरूर घ्यावी. तोंडी तक्रार विसरली जाते. तारीख आणि आकडा असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.