रेफरन्स ट्रॅक: दहा बाय दहाच्या खोलीतलं मिक्स बाहेर टिकवायचं कसं

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या रोजच्या कामाचा आहे. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आता घरोघरी छोटे स्टुडिओ दिसतात. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि पाच इंची स्पीकरची जोडी. एवढ्या सामानावर हळदीची आगरी-कोळी गाणी होतात, गणपतीची गाणी, भीमगीतं, भजनं होतात आणि यूट्यूबवर जातात.

गाणारा चांगला असतो, वाजवणारा चांगला असतो. तरी गाणं खोलीत जसं वाजतं तसं बाहेर वाजत नाही. हळदीच्या मांडवात डीजेच्या स्पीकरवर नुसता घुमारा येतो, शब्द कळत नाहीत. फोनवर लावलं तर ढोलकीचा खालचा घुमा गायब. ऐकणाऱ्याला यामागचं कारण ठाऊक असायचं कारण नाही. तो म्हणतो, "गाणं काही जमलं नाही." म्हणजे खोलीचा दोष गायकाच्या नावावर चढतो. पगारातून पैसे बाजूला काढून वर्षाला दोन गाणी करणाऱ्या माणसाला हे महाग पडतं.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रेफरन्स ट्रॅक. आपलं मिक्स चालू असताना शेजारी ठेवायचं, आधीच तयार असलेलं आणि चांगलं मिक्स झालेलं दुसऱ्याचं गाणं. थोडं आपलं ऐकायचं, थोडं ते ऐकायचं, आणि फरक टिपायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण ते का चालतं आणि कुठे फसतं, हे समजून घेतलं पाहिजे.

खोली काय करते?

आता बघा, आपल्याकडची नेहमीची खोली दहा फूट बाय दहा फूट. उंची साधारण साडेनऊ फूट. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची बरोबर अर्धी लहर मावते, तो स्वर त्या खोलीत अडकून घुमतो. हिशेब केला तर तो येतो साधारण 56 हर्ट्झ. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून हा स्वर दोन दिशांनी घुमतो. उंचीचा हिशेब 59 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे तिसरीही दिशा जवळजवळ तिथेच. डीजे गाण्यातल्या किकचा आणि बेसचा मोठा भाग नेमका याच पट्ट्यात असतो.

यात आणखी एक गंमत आहे. तुम्ही खोलीच्या अगदी मध्यावर बसलात, तर हा स्वर तिथे खूप कमी ऐकू येतो. भिंतीला टेकून, म्हणजे बहुतेक घरांत पलंगावर बसलात, तर तोच स्वर फुगून ऐकू येतो. मध्यावर बसणारा म्हणतो बेस कमी आहे, आणि तो वाढवतो. मांडवात ते गाणं छातीवर आदळतं आणि शब्द बुडतात. पलंगावर बसणारा बेस कापतो, आणि त्याचं गाणं बाहेर पोकळ वाजतं. दोघांचे कान चांगले आहेत. दोघांनी खोलीवर विश्वास ठेवला.

जुन्या वाणसामानाच्या दुकानातला तराजू आठवा. त्याला पासंग असला, म्हणजे एक पारडं मुळातच जड असलं, तर माप चुकतं. पण एक युक्ती होती. आधी माल एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्या पारड्यात काहीही टाकून काटा समतोल करायचा. मग माल उचलून त्याच पारड्यात खरी वजनं ठेवायची. काटा पुन्हा समतोल झाला की ते मालाचं खरं वजन. तराजू खोटा असूनही माप बरोबर येतं, कारण दोन्ही वस्तू एकाच खोट्या पारड्यात तोलल्या.

रेफरन्स ट्रॅक ती खरी वजनं आहेत. खोली जे खोटं आपल्या गाण्याबद्दल सांगते तेच त्या गाण्याबद्दलही सांगते. त्याच खुर्चीत, त्याच स्पीकरवर, त्याच आवाजात दोन्ही ऐकली, तर उरलेला फरक बराचसा खरा असतो. "माझ्या गाण्यात बेस किती आहे?" याचं उत्तर ही खोली देऊ शकत नाही. "त्या गाण्यापेक्षा माझ्या गाण्यात बेस जास्त की कमी?" याचं उत्तर मात्र हीच खोली बऱ्यापैकी देते.

कोणतं गाणं निवडायचं?

"आवडतं गाणं" ही निवड पुरेशी नाही. 'सैराट'चं उदाहरण घेऊ. 2016 सालच्या त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्या वाद्यवृंदाचा पसरटपणा समोर ठेवून तुम्ही एक ढोलकी, एक बेंजो आणि कीबोर्ड असलेलं हळदीचं गाणं मिक्स करायला बसलात, तर हाती निराशाच येणार. जे मुळात ध्वनिमुद्रणात नाही ते मिक्समध्ये आणता येत नाही.

रेफरन्स आपल्या जातीचा हवा. वाद्यं साधारण तीच, लय जवळची, गायक पुरुष असेल तर पुरुष, स्त्री असेल तर स्त्री, आणि जमलं तर पट्टीही जवळची. परदेशी पॉप किंवा नुसतं क्लबचं संगीत समोर ठेवलं की आपल्याकडची मुलं आवाज मागे ढकलतात. मराठी गाण्यात शब्द पुढे लागतो. कल्याणच्या प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं ऐका. तिथे आवाज समोर बसलेला आहे आणि वाद्यं त्याच्या मागून चालतात. किक कशी बसवावी हे त्या मुद्रणांतून कळणार नाही, पण आवाज किती पुढे ठेवावा हे कळेल. म्हणून एका गाण्यावर भिस्त नको. दोन-तीन ठेवा: एक आवाजासाठी, एक खालच्या पट्ट्यासाठी, एक एकूण तोलासाठी. दहा ठेवलीत तर गोंधळ होईल.

गाण्याची फाइल चांगल्या दर्जाची घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली एमपी3 नको. तिच्यातली झांज आणि टाळ आधीच खरवडलेले असतात, आणि तुम्ही तेच बरोबर समजून बसता.

आधी आवाज सारखा करा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. बाजारातलं गाणं मास्टरिंग होऊन आलेलं असतं, म्हणजे मोठं केलेलं असतं. त्याची पातळी उणे 8 किंवा उणे 9 एलयूएफएस असू शकते. आपलं कच्चं मिक्स उणे 18 च्या आसपास असतं. दोन्हींत जवळजवळ 10 डेसिबलचा फरक.

फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 सालीच मोजून दाखवलं होतं, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की तेच स्वर भरून येतात. म्हणून जे मोठं वाजतं ते आपल्याला भरीव, चमकदार आणि "प्रोफेशनल" वाटतं. आपण घाबरून आपल्या मिक्सवर लिमिटर, इक्यू चढवत जातो. प्रत्यक्षात फरक फक्त आवाजाच्या उंचीचा असतो.

म्हणून पहिलं काम: रेफरन्सचा फेडर खाली आणा. आपलं मिक्स वर चढवू नका, तेच खाली आणा. मोफत मिळणारे लाउडनेस मीटर आहेत, त्यावर दोन्ही गाण्यांचे मुखडे मोजा आणि जुळवा. मीटर नसेल तर डोळे मिटा, आणि दोन्हींत गायक सारख्याच अंतरावर उभा आहे असं वाटेपर्यंत फेडर हलवा.

दुसरी काळजी: रेफरन्सचा ट्रॅक मास्टर बसच्या बाहेरून न्या. मास्टरवर कॉम्प्रेसर किंवा लिमिटर असेल आणि रेफरन्स त्यातून गेला, तर तो रेफरन्स राहिला नाही. आणि फाइल एक्सपोर्ट करण्याआधी तो ट्रॅक म्यूट आहे ना, हे बघा.

ऐकायचं काय?

सगळं एकदम ऐकू नका. एका फेरीत एकच प्रश्न विचारा. पहिली फेरी: ढोलकीच्या तुलनेत आवाज किती पुढे आहे? दुसरी: 150 हर्ट्झच्या वरचं सगळं दोन्ही गाण्यांतून कापा आणि फक्त खालचा भाग ऐका. किक आणि बेस एकमेकांना जागा देतात की एकाच जागेवर भांडतात? तिसरी: झांज, टाळ आणि "स", "श" कानाला टोचतात का? चौथी: दोन्ही गाणी मोनो करून ऐका. मांडवातली साउंड सिस्टीम अनेकदा मोनोच असते. डावी-उजवीकडे पसरवलेला कोरस तिथे विरघळून जातो का, हे इथेच कळेल.

प्रत्येक तुलना पाच-दहा सेकंदांची असू द्या. आवाजाचा रंग कानात फार वेळ टिकत नाही. अख्खं गाणं ऐकून मग दुसरं लावलं, तर पहिल्याची फक्त हवा आठवते. आणि आवाज लहान ठेवा, शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतका. शेजारी पोलिसांत जाणार नाहीत हा एक फायदा. दुसरा असा, की लहान आवाजात खोली कमी ढवळून निघते आणि कान उशिरा थकतात.

मग बाहेर पडा. फोनवर ऐका. फोनचा स्पीकर 100 हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच वाजवत नाही. तिथे ढोलकी पूर्ण गायब झाली, तर तिच्या वरच्या स्वरांना थोडी जागा करून द्यावी लागेल. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये ऐका, पण तिथे बेसचा निकाल लावू नका, गाडीची घरघर तो पट्टा झाकून टाकते. लोकलमध्ये एवढंच बघा, की शब्द कळतात का. आणि प्रत्येक ठिकाणी रेफरन्सही सोबत वाजवा. नाहीतर तराजू पुन्हा खोटा.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: असं केलं तर आपलं गाणं दुसऱ्याची नक्कल होणार नाही का?*

रेफरन्समधून तुम्ही चाल घेत नाही, शब्द घेत नाही, ढोलकीचे बोलही घेत नाही. घेता ते फक्त मापं. शिंप्याने जुन्या सदऱ्यावरून माप घेतलं म्हणून नवा सदरा नक्कल ठरत नाही. मात्र फरक दिसला की तो भरलाच पाहिजे असंही नाही. त्यांच्या गाण्यात ताशा मागे असेल आणि तुमच्या गाण्याचा जीवच ताशात असेल, तर तो पुढेच ठेवा. जाणूनबुजून ठेवलेला फरक आणि नकळत राहिलेला फरक, यांतला दुसरा तेवढा काढायचा.

*प्रश्न: मग गाणं बाजारातल्या इतकं मोठं कधी करायचं?*

मिक्स पुरं झाल्यावर, मास्टरिंगमध्ये. आणि तिथेही बेतानं. यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएसपेक्षा मोठी गाणी स्वतःच खाली आणतं, म्हणून गाणं चिरडून तिथे फायदा नाही. डीजे पेन ड्राइव्हवरून वाजवतो, तिथे अशी बरोबरी कोणी करत नाही. त्याच्यासाठी थोडं मोठं, वेगळं मास्टर काढून द्या. पण आवाज आणि ढोलकी यांचा तोल आधी खोलीत लागलेला असू द्या. तो मास्टरिंगमध्ये नीट लागत नाही.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. तुमच्या शेवटच्या गाण्याचं मिक्स उघडा, त्याच जातीचं एक चांगलं गाणं शेजारी ठेवा, आवाज जुळवा, आणि पहिल्या फेरीचा तो एकच प्रश्न विचारा: गायक किती पुढे उभा आहे? बाकीच्या फेऱ्या उद्या.