लिनक्स संगणकाचा कळफलक प्रतिसाद देत नसल्यास काय करावे?

लिनक्स या युनिक्सवर्गीय प्रणालीवर काम करीत असताना माऊसचा बाण हलतो, पडद्यावरील घड्याळ पुढे सरकते, परंतु कळफलकावरील एकही कळ प्रतिसाद देत नाही, असा प्रसंग कधी ना कधी उद्भवतो. अशा वेळी विजेचे बटण दाबून संगणक बंद करण्याकडे सर्वसाधारण कल असतो. मात्र त्यामुळे न साठवलेला मजकूर नष्ट होतो आणि बिघाड नेमका कोठे होता, हेही कळत नाही. कळफलक निकामी झाला असे ठरविण्यापूर्वी काही साध्या तपासण्या क्रमाने करणे हिताचे असते.

सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' प्रणाली, केरळमधील शासकीय शाळांत वापरली जाणारी प्रणाली, तसेच उबंटू आणि फेडोरा या सर्वांचा गाभा लिनक्स हाच आहे. त्यामुळे पुढील माहिती या सर्वांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

प्रथम मजकूर जतन करा

माऊस चालू असेल तर सर्वप्रथम मेनूतील 'सेव्ह' हा पर्याय निवडून काम साठवून घ्यावे. नाव न दिलेल्या नव्या दस्तऐवजाला लिबरऑफिस स्वतःहून तात्पुरते नाव सुचविते. त्यामुळे एकही कळ न दाबता तो साठविता येतो. सेटिंगमधील 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या विभागातून पडद्यावरील कळफलक सुरू केल्यास माऊसच्या साहाय्याने अक्षरेही उमटविता येतात.

कळ दाबल्यावर काय घडते?

दाबलेल्या कळीचा संकेत प्रथम केबल किंवा बिनतारी जोडणीतून संगणकात येतो. तेथे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तो ओळखतो आणि पडद्याची व्यवस्था पाहणाऱ्या प्रणालीकडे सोपवितो. पूर्वी हे काम प्रामुख्याने १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेली एक्स विंडो प्रणाली करीत असे. फेडोराने २०१६ पासून आणि उबंटूने २०२१ पासून तिच्या जागी वेलँड ही नवी व्यवस्था मुख्य म्हणून स्वीकारली. तेथून संकेत अक्षरलेखन सुविधेकडे आणि अखेरीस वापरात असलेल्या प्रोग्रामकडे पोहोचतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर खंड पडला तरी वापरकर्त्याला परिणाम एकच दिसतो. म्हणून संकेत कोठपर्यंत पोहोचतो, हे शोधणे हाच उपायाचा पाया आहे.

जोडणी आणि सेटिंग

कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत आणि विझत असेल तर संकेत पडद्याच्या व्यवस्थेपर्यंत पोहोचत आहे, असे समजावे. दिवा लागत नसल्यास केबल काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावावी. बिनतारी कळफलकाची बॅटरी बदलावी. शक्य असल्यास दुसरा कळफलक जोडून पाहावा.

दिवा लागतो, परंतु अक्षर उमटत नाही, अशा वेळी 'स्लो कीज' ही सुविधा सुरू आहे का, ते पाहावे. हाताला कंप असणाऱ्यांसाठी ती उपयुक्त असते. ती सुरू असताना कळ काही क्षण दाबून धरल्याशिवाय नोंदली जात नाही, त्यामुळे झरझर टंकलेखन करणाऱ्याला कळफलक बंद पडल्यासारखे वाटते. काही संगणकांवर शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून राहिल्यास ही सुविधा नकळत सुरू होते. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' विभागातून ती बंद करता येते.

मराठी लेखनाशी निगडित कारणे

मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण संभवते. लॉगिनच्या वेळी इन्स्क्रिप्ट कळरचना निवडलेली राहिली, तर परवलीच्या शब्दाच्या जागी देवनागरी अक्षरे जातात. पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्याने चूक लक्षात येत नाही. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेच्या चिन्हावर क्लिक करून इंग्रजी निवडावी.

भारतीय भाषांतील लेखनासाठी लिनक्सवर 'आयबस' ही सुविधा प्रचलित आहे. ती अडकली तर काही प्रोग्राममध्ये अक्षरे उमटतात आणि काहींत उमटत नाहीत. भाषा बदलूनही फरक न पडल्यास काम साठवून माऊसने लॉग आऊट करावे व पुन्हा लॉगिन करावे.

संपूर्ण पडदा गोठल्यास

माऊसही थांबला असेल तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षरांचा काळा पडदा दिसला, तर कळफलक आणि कर्नल दोन्ही सुस्थितीत आहेत. तेथे लॉगिन करून 'टॉप' या आज्ञेने अडकलेला प्रोग्राम शोधता येतो आणि तेवढाच बंद करता येतो. इतर प्रोग्राममधील काम त्यामुळे वाचू शकते. मूळ पडद्यावर परतण्यासाठी त्याच पद्धतीने एफ१, एफ२ किंवा एफ७ यांपैकी योग्य कळ वापरावी.

हाही उपाय निष्फळ ठरल्यास कर्नलला थेट सूचना देण्याची सोय आहे. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा दाबून धरून एस, यू आणि बी ही अक्षरे काही सेकंदांच्या अंतराने क्रमाने दाबावीत. एसमुळे स्मृतीत थांबलेली फाईलींची माहिती डिस्कवर लिहिली जाते. यूमुळे डिस्कवर नवे लेखन बंद होते आणि बीमुळे संगणक पुन्हा सुरू होतो. उबंटूमध्ये या तीन सूचनांना मुळातच परवानगी असते. अन्य प्रणालींत ही परवानगी वेगवेगळी असू शकते. प्रोग्राममध्ये न साठवलेला मजकूर या मार्गाने परत मिळत नाही, तथापि डिस्कवरील फाईली सुरक्षित राहण्याची शक्यता वाढते.

पुन्हा सुरू केल्यानंतर

संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब यादीत बाणाच्या कळा चालतात का, ते पाहावे. तेथे त्या चालत असतील आणि लॉगिनच्या पडद्यावर चालत नसतील, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता अधिक. अलीकडेच कर्नल अद्ययावत केला असल्यास त्याच यादीतून आधीची आवृत्ती निवडून पाहावी. कळा ग्रबमध्येही निष्क्रिय असतील, तर दुसऱ्या कळफलकाने तपासणी करावी. तो चालल्यास पहिलाच कळफलक बदलणे आवश्यक आहे.

या सर्व उपायांत क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकूर साठवावा, नंतर जोडणी, सेटिंग आणि भाषा तपासावी. विजेचे बटण सर्वांत शेवटी दाबावे.