औषध हा हक्क आहे, दान नव्हे!

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सत्तेवर बसताच परदेशी मदत ९० दिवस रोखण्याचा आदेश काढला. त्या एका सहीने आफ्रिकेतील कितीतरी एड्स उपचार केंद्रांना टाळे लागले. जीवरक्षक औषधांना नंतर सवलत मिळाली, पण विस्कटलेली घडी बसली नाही. १ जुलै २०२५ रोजी तर ही मदत पोहोचवणारी यूएसएआयडी ही संस्थाच मोडीत काढली गेली. जी गोळी जगण्यासाठी रोज घ्यावी लागते, ती परक्या सत्ताधीशाच्या मर्जीवर का अवलंबून असावी? आमचा प्रश्न एवढाच आहे.

झालेले काम आम्ही नाकारत नाही. २००२ साली जिनिव्हात ग्लोबल फंड उभा राहिला. २००३ साली जॉर्ज बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची पेपफार योजना जाहीर केली. २००४ च्या सुमारास एड्स वर्षाला २० लाखांहून अधिक बळी घेत होता. २०२४ साली हा आकडा ६ लाख ३० हजारांवर आला. हे सत्य आहे, पण अर्धे!

उरलेले अर्धे सत्य मुंबईत आहे. २००० साली एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना १० ते १५ हजार डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तेच औषध ३५० डॉलरला देऊ केले. हे शक्य झाले ते आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात पेटंट औषधाला नव्हते, ते बनवण्याच्या पद्धतीला होते. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आडकाठी नव्हती. किंमत कोसळली म्हणूनच दात्यांचा पैसा लाखोंना पुरला.

त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध खटला भरला होता. लोक रस्त्यावर उतरले. स्वतः एचआयव्हीबाधित असलेले झॅकी अकमत यांनी, सरकारी दवाखान्यात गरिबाला औषध मिळत नाही तोवर आपणही घेणार नाही, असा निर्धार केला. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. हा विजय दात्यांचा नव्हे, लढणाऱ्यांचा होता.

दानाला अटीही असतात. वेश्याव्यवसायाचा निषेध लिहून द्या, तरच पैसा, अशी अट अमेरिकेने घातली. ज्या स्त्रियांना सोबत घेतल्याशिवाय एड्स रोखता येत नाही, त्यांचाच धिक्कार करायचा! ब्राझीलने २००५ साली सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले, पण अट मानली नाही. याला म्हणतात स्वाभिमान!

आता नवे औषध आले आहे, लेनाकापाविर. वर्षातून दोनदा इंजेक्शन घेतले की एचआयव्हीची लागण रोखता येते. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरहून अधिक ठेवली गेली. भारतीय कंपन्या ते २०२७ पासून १२० देशांना सुमारे ४० डॉलरला देणार आहेत. ज्या ब्राझीलमधील माणसांवरही याच्या चाचण्या झाल्या, तो ब्राझील मात्र या यादीत नाही. म्हणजे कोणाला स्वस्त औषध मिळावे, हे आजही कंपनीच ठरवते.

आपल्याकडे २००५ पासून औषधावरही पेटंट मिळू लागले. मात्र जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट लाटण्यास कलम ३(ड) मज्जाव करते, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. व्यापार कराराच्या टेबलावर हे कलम विकले जाता कामा नये.

२०२२ साली औषधांचा तुटवडा पडला तेव्हा एचआयव्हीबाधितांनी दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर धरणे धरले. कारण तिजोरी आपली होती आणि जाब विचारायला दार होते. वॉशिंग्टनच्या दारात नैरोबीचा रुग्ण धरणे कसा धरणार? म्हणून प्रत्येक सरकारने आपल्या रुग्णांचे औषध आपल्या अंदाजपत्रकात लिहिले पाहिजे. दाता हात आखडू शकतो. अंदाजपत्रकात लिहिलेला पैसा मात्र आम्ही मतदार म्हणून, नागरिक म्हणून वसूल करू शकतो!