ॲस्पिरिन सोसत नाही, तरी उपचार ॲस्पिरिनचाच

बायोमेडिकल उपकरणांच्या तासाला स्पायरोमीटर शिकवताना मी एक उदाहरण नेहमी घेतो. एखाद्या माणसाला दमा आहे, नाकात पॉलिप म्हणजे मऊ मांसल गाठी आहेत, वासही नीट येत नाही. डोके दुखते म्हणून तो ॲस्पिरिन घेतो आणि दोन-तीन तासांच्या आत त्याचे नाक चोंदते, छाती आवळते. इबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले तरी तेच. १९६८ साली सॅम्टर आणि बीअर्स यांनी याविषयी लिहिले, म्हणून याला 'सॅम्टरचे त्रिकूट' म्हणतात.

ही नेहमीची ॲलर्जी नव्हे. या गोळ्यांची रासायनिक घडण वेगवेगळी आहे. समान गोष्ट एवढीच की सगळ्या कॉक्स-१ हे विकर अडवतात. ते अडले की प्रोस्टाग्लँडिन ई-२ कमी होते. ल्युकोट्राइन नावाची, श्वासनलिका आवळणारी द्रव्ये आवरून धरणारा हा ब्रेक आहे. पुष्कळदा दोन फाट्यांच्या पाइपची उपमा देतात: एक तोटी बंद केली की दुसरीतून जास्त पाणी. पण मग गोळी घेणाऱ्या प्रत्येकालाच दमा उठायला हवा होता! या रुग्णांचा ब्रेक आधीच कमजोर असतो, असे म्हणणे मला अधिक पटते.

आता गंमत पाहा. एकदा त्रास होऊन गेल्यावर पुढचे दोन-तीन दिवस तोच डोस सोसतो. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स क्लिनिकमध्ये डोनाल्ड स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी यावरून उपचार उभा केला. दमा आटोक्यात असताना, रुग्णालयात, साधारण २० ते ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. दर दीड ते तीन तासांनी डोस वाढवतात आणि मधूनमधून स्पायरोमीटरवर फुंकायला लावतात. आकडा घसरला की थांबून औषध देतात, श्वास पूर्ववत झाल्यावर तोच डोस पुन्हा देतात. असे करत एक ते तीन दिवसांत ३२५ मिलिग्रॅमपर्यंत पोचतात. पॉलिप बहुधा आधी शस्त्रक्रियेने काढलेले असतात. पुढे रोजच्या ॲस्पिरिनमुळे ते परत वाढण्याचा वेग कमी होतो, अनेकांना वास येऊ लागतो, स्टेरॉइड कमी लागते.

मात्र हा आजार बरा झालेला नसतो. सहनशक्ती रोजच्या गोळीवर टिकते. समजा, तुमचा हॉस्टेलमधला मित्र सुटीत गावी गेला आणि गोळ्यांची पट्टी खोलीवरच राहिली. चार-पाच दिवसांनी परत येऊन त्याने जुनाच डोस घेतला, तर झटका येऊ शकतो. त्याने आधी डॉक्टरांना विचारायला हवे. बहुधा रुग्णालयात पुन्हा खालपासून सुरू करावे लागते. शिवाय रोजच्या ॲस्पिरिनने पोटात व्रण किंवा रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे हा उपचार प्रत्येकाला देत नाहीत. घरी तर कधीच करून पाहायचा नाही.

ज्यांनी हा उपचार घेतलेला नाही, त्यांनी औषधाच्या दुकानात 'दुखण्यावरची गोळी द्या' एवढेच म्हणू नये, आपला त्रास आधी सांगावा. डिस्प्रिन म्हणजेही ॲस्पिरिनच. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम बहुतेकांना चालते. १००० ला काहींना त्रास होतो.